वाजलं एकदाचं!

प्रिय सुहास,

स. न.

परवा फोनवर तू "पेडल वाजलं का?" म्हणून विचारलंस आणि मी घाईघाईने विषय बदलला, हे तुझ्या लक्षात आलं असणारच. मी बनवत असलेलं फझ पेडल (गिटार आणि अँप्लिफायरच्या मध्ये जोडायची, आवाज मुद्दाम फाटका करणारी डबी) तेव्हा वाजत नव्हतं. आता वाजतंय. मधल्या चार रात्रींची कथा फोनवर सांगितली असती तर तू मला पुरतं बोलूच दिलं नसतंस, म्हणून हे पत्र.

"पहिल्यांदा छोटंसंच काहीतरी कर" हा तुझा सल्ला मी पाळला होता. एक ट्रान्झिस्टर, तीन रेझिस्टर, दोन कपॅसिटर, आवाजाचे शेंडे छाटायला एकमेकांना उलटसुलट जोडलेले दोन डायोड आणि आवाज कमीजास्त करायला एक पॉट, म्हणजे फिरवायचा रेझिस्टर. बस्स. एवढ्यात चुकणार काय, असं वाटलं होतं.

पहिल्या रात्री सगळं जोडलं, नऊ व्होल्टची बॅटरी लावली, फूटस्विच दाबला. एलईडी असा झकास पेटला की मी एकटाच हसलो. मग तारा छेडल्या, तर बंद दाराआड कुणीतरी खोकतंय असा आवाज! पुन्हा स्विच दाबला की गिटार स्वच्छ, पेडल चालू केलं की परत खोकला.

त्या एलईडीनं माझी दोन रात्री दिशाभूल केली बघ. तो पेटतोय म्हणजे सर्किट जिवंत आहे असं मी धरून चाललो. त्याची वाट अगदी वेगळी असते: बॅटरी, रेझिस्टर, एलईडी, स्विच. आवाजाशी त्याचा काडीचा संबंध नाही. ट्रान्झिस्टर काढून खिशात ठेवला तरी तो पेटेल.

दुसरी रात्र सांगायला लाज वाटते. ड्राय सोल्डर (नीट न धरलेला डाग) असणार असं ठरवून मी एकेक जोड पुन्हा तापवत बसलो. मग डायोडांवर संशय घेतला, ते काढले, उलटे लावले, परत सुलटे केले. दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध दिशेने असले की जोडी कशीही फिरवली तरी तेच, हे नंतर सुचलं. या उपद्व्यापात व्हेरोबोर्डवरची तांब्याची एक पट्टी उखडली आणि तिच्या जागी वायरचा तुकडा टाकावा लागला. म्हणजे मूळ दोष तसाच, वर माझा एक.

तिसऱ्या रात्री शहाणपण सुचलं आणि ऑडिओ प्रोब केला, म्हणजे सर्किटमध्ये आवाज कुठवर नीट पोचतो ते ऐकायचं साधन. गिटारच्या जुन्या केबलचं एक टोक कापलं, आतल्या तारेला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला, बाहेरच्या जाळीला मगरचिमटा. चिमटा सर्किटच्या ग्राउंडला (बॅटरीच्या ऋण टोकाच्या बाजूला), केबलचं दुसरं टोक अँपमध्ये. कपॅसिटर डीसी अडवतो आणि आवाज तेवढा पुढे सोडतो. अँप अगदी हळू ठेव हं, नुसता स्पर्श झाला तरी फाट्कन आवाज येतो. एका हाताने प्रोब धरून दुसऱ्या हाताने गिटार वाजवणं काही जमेना, तेव्हा फोनवर एक रेकॉर्डिंग लावून तेच हळू आवाजात पेडलच्या इनपुटला दिलं.

आता गंमत ऐक. इनपुट जॅकवर आवाज स्वच्छ. स्विचच्या पुढे स्वच्छ. कपॅसिटरच्या अलीकडे, पलीकडे, ट्रान्झिस्टरच्या बेसवर (आवाज आत जातो त्या पायावर), सगळीकडे स्वच्छ. कलेक्टरवर, म्हणजे आवाज बाहेर पडतो त्या पायावर, टेकवलं की तो कितीतरी मोठा व्हायला हवा, तर तिथे खोकला! दहा मिनिटांत चोर सापडला. मीटर लावला तर त्याच ठिकाणी साडेआठ व्होल्टच्या वर. म्हणजे जवळजवळ सगळी बॅटरी तिथे उभी, ट्रान्झिस्टर प्रवाह ओढतच नव्हता.

आकृतीतला ट्रान्झिस्टर होता २एन३९०४. माझ्या डबीत होता बीसी५४७. दोघंही एनपीएन या एकाच प्रकारचे, दिसायला जुळे भाऊ, म्हणून मी बिनधास्त लावला. पण सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर ३९०४चे पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर आणि ५४७चे नेमके उलटे: कलेक्टर, बेस, एमिटर. मधला पाय तोच, म्हणून चूक चटकन दिसतही नाही. त्यातून उलटा लावलेला ट्रान्झिस्टर अगदीच मरत नाही, थोडंसं काम करतो. साफ मुका राहिला असता तर मी लवकर शोधला असता.

फिरवून लावायचा तर जुनाच चालला असता कदाचित. पण ५४७च्या एमिटर-बेसमध्ये उलट दिशेने ६ व्होल्टच चालतात, आणि माझ्या कृपेने बिचाऱ्यानं त्याहून जास्त सोसले होते. नवीन घेतला, तोही सॉकेटमध्ये. कलेक्टरवर सहाच्या आसपास व्होल्ट दिसले आणि मी मीटर बाजूला ठेवून गिटार उचलली. सुहास, काय सांगू! जाड तार नुसती दाबून छेडली तरी करवतीसारखी खरखर, आणि गिटारचा व्हॉल्यूम खाली आणला की तोच आवाज निवळत जातो.

या आवाजाचा जन्मही बिघाडातूनच झालाय, हे ठाऊक आहे का तुला? १९६०-६१च्या सुमारास अमेरिकेत नॅशव्हिलमध्ये एका रेकॉर्डिंगच्या वेळी मिक्सरमधल्या बिघाडामुळे ग्रेडी मार्टिन या वादकाच्या बेस गिटारचा आवाज फाटला. तो फाटका आवाज तसाच ठेवला गेला, आणि ग्लेन स्नॉडी या इंजिनिअरने पुढे तो मुद्दाम काढणारं सर्किट तयार केलं. त्यातून १९६२मध्ये मास्ट्रो कंपनीचं फझ-टोन हे पेडल आलं. त्यांचा बिघाड बाजारात गेला, माझा कचऱ्याच्या डब्यात.

चौथी रात्र. सगळं डबीत बसवलं, झाकणाचे चार स्क्रू आवळले. शांतता! झाकण उघडलं की वाजतं, लावलं की गप्प. बोर्डाच्या खाली एका कपॅसिटरचा पाय जरा लांब राहिला होता. झाकण दाबलं की तो पॉटच्या पाठीला टेकायचा, आणि पॉटची पाठ डबीमार्फत ग्राउंडला, म्हणजे आवाज तिथेच गडप. पाय कापला, मध्ये प्लॅस्टिकचा तुकडा घातला, संपलं.

अजून स्विच दाबताना 'टक' होतं. इनपुटपासून ग्राउंडला १ मेगओहम लावून बघणार आहे. आणि हो, इनपुटचा जॅक स्टिरिओ आहे, तोच बॅटरीचा स्विच. त्यात केबल राहिली की बॅटरी चालूच. रात्रभर केबल तशीच राहिल्यामुळे एक बॅटरी आधीच गेली. तू करशील तेव्हा ध्यानात ठेव.

डबीवर अजून नाव घातलेलं नाही. 'खोकला' कसं वाटतं?

तुझा,
अजय