ते पाणी नव्हतं, दगड होते

अहमदाबाद, 14 जून

ती. अण्णा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोन असताना पत्र कशाला, असं आई म्हणणारच. पण फोन आला की अण्णा स्पीकर लावतात आणि पलीकडे निम्मी आळी बसलेली असते. आज जे सांगायचंय ते निम्म्या आळीसमोर जमणार नाही, म्हणून कागद घेतला.

गेल्या दिवाळीत पणत्या लावताना मी म्हणाले होते, चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या एका खड्ड्यात मला बर्फाची खूण दिसतेय. 'खूण' हा शब्द अण्णांनी वाटेतच कुठंतरी सांडला. पारावर पोचेपर्यंत 'आमच्या पोरीनं चंद्रावर पाणी काढलं' झालं आणि दोन दिवसांनी ते शाळेच्या फळ्यावर गेलं. मला तेव्हाच थांबवता आलं असतं. थांबवलं नाही, कारण ऐकायला मलाही गोड लागत होतं.

तर ते पाणी नव्हतं. दगड होते.

कशी फसले ते नीट सांगते. चंद्राचा आस जेमतेम दीड अंश कललेला, त्यामुळे ध्रुवाजवळ सूर्य कायम क्षितिजाला टेकूनच फिरतो. खोल खड्ड्यांच्या तळाशी कोट्यवधी वर्षांत ऊन पोचलेलं नाही. काही खड्ड्यांत पारा उणे 240 अंशांच्याही खाली उतरतो. तिथं पडलेला बर्फ जाणार कुठं? पण अंधारात साधा फोटो निघत नाही, म्हणून चांद्रयान-2 वरच्या रडारची मोजमापं घेऊन मी बसते. ते दोन लांबींच्या लहरी सोडतं. एक 24 सेंटीमीटरची, म्हणजे वीतभर. दुसरी तिच्या निम्मी. लहर गिरकी घेत जाते. सपाट जमिनीवर आपटली की उलट्या गिरकीनं परतते. स्वच्छ बर्फात शिरली तर आतल्या आत धडका खात बाहेर येते आणि गिरकी बरीचशी पहिल्यासारखीच राहते. असं दिसलं की आमचे कान टवकारतात. गोची अशी की जिथं वीत-दोन वीत दगड पसरलेत, तिथंही लहर एका दगडावरून दुसऱ्यावर आपटते, दोनदा उलटते आणि शेवटी सुलटीच परत येते. आई, तांदळात पांढरा खडा असतो ना, तसं. दाताखाली आल्याशिवाय कळत नाही.

माझा तर्क असा होता की दगड असते तर खड्ड्याच्या काठाबाहेरही पसरलेले दिसले असते. माझ्या खड्ड्याचा काठ स्वच्छ होता, रडारमधली ती सगळी खूण आतच. म्हणजे बर्फ! मग मी कोरियाच्या दानुरी यानावर नासानं बसवलेल्या शॅडोकॅमचे फोटो उघडले. हा कॅमेरा समोरच्या डोंगरावरून परतलेल्या कवडशात अंधारातले फोटो काढतो. खड्ड्याची आतली एक भिंत ढासळलेली होती. खाली दगडांचा नुसता सडा. एक धोंडा तर उड्या मारत तळाच्या मधोमध येऊन थांबला होता आणि मागं त्याच्या उड्यांची रेघ, गोधडीला धावदोरा घातल्यासारखी. तो टाका बघितला आणि मला कळलं, वर्ष गेलं. त्या दिवशी मेसमध्ये कढी होती, इथली गोड कढी. ती गोड आहे हेही माझ्या लक्षात आलं नाही.

अण्णा, तुम्हाला पाणाड्या आठवतोय? तळहातावर नारळ उभा राहिला म्हणाला, तुम्ही बोअरची गाडी बोलावली, आणि साडेचारशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा. मी तेव्हा नववीत होते. तो माणूस लबाड होता असं मी कित्येक वर्षं म्हणत आले. आता तितक्या जोरात म्हणवत नाही. गंमत म्हणजे 2009 साली चंद्राकडे गेलेल्या एका अमेरिकी यानावर तापमान मोजणारं जे उपकरण आहे, त्याचं नावच 'डिव्हायनर', म्हणजे पाणाड्या! त्याच वर्षी चांद्रयान-1 वरच्या उपकरणानं चंद्राच्या मातीत पाण्याच्या खुणा दाखवल्या. आणि 9 ऑक्टोबरला अमेरिकेनं रॉकेटचा एक रिकामा टप्पा कॅबियस नावाच्या अंधाऱ्या खड्ड्यात आपटला. उडालेल्या धुरळ्यात दीडेकशे किलो पाणी मोजलं गेलं. आपल्या दहा-बारा घागरी! तेव्हा पाणी आहे, ते खोटं नाही. फक्त माझ्या खड्ड्यात ते दाखवता येत नाही. तळात खोल कुठं असेल-नसेल, ते कुणीतरी छिद्र पाडल्यावर कळेल. भारत-जपानच्या मोहिमेतलं यंत्र दीड मीटर खोल जाणार आहे. आपली गाडी साडेचारशे फूट गेली होती, पण ते असो.

टेबलावर आपल्या विहिरीचा काळा दगड ठेवलाय. त्याची एक चकती कागदापेक्षा पातळ घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरली होती. प्लॅजिओक्लेज नावाच्या खनिजाच्या पांढऱ्या काड्या, मधे पायरॉक्सीन या दुसऱ्या खनिजाचे दाणे. चंद्रावरचे जे काळे डाग आई मला लहानपणी ससा म्हणून दाखवायची, त्यांचा दगड याचाच चुलतभाऊ. फरक वयाचा आणि पाण्याचा. आपला साडेसहा कोटी वर्षांचा, ते बहुतेक तीनशे कोटींच्या पलीकडचे. आपल्या दगडाच्या पोकळ्यांत पांढऱ्या गारा भरल्यात, म्हणजे त्यातून कधीतरी पाणी वाहिलंय. चंद्राचा दगड मात्र ठणठणीत कोरडा.

आईचा प्रश्न मला इथूनच ऐकू येतो, 'सापडलं तरी आपल्याला काय त्याचं?' आपल्या टाकीत तांब्याभरही पडणार नाही, आई. पुढं तिथं माणसं राहायला गेली तर प्यायचं पाणी पृथ्वीवरून वाहून न्यायला नको. त्याच पाण्यातून श्वासाला प्राणवायू निघतो आणि हायड्रोजन वेगळा केला की रॉकेटचं इंधन. त्यासाठी कुठं खणायचं नाही, हेही कुणीतरी सांगावंच लागतं. मॅडम म्हणतात, हाच तुझ्या प्रबंधाचा चौथा भाग, लिही. लिहितेय. काठावरच्या दगडांवरून आतल्या दगडांचा अंदाज बांधता येत नाही, हे आता आणखी सहा खड्ड्यांवर तपासतेय. फेलोशिप मार्चला संपते. त्याआधी काम उरकलं नाही तर काही महिने ओढाताण होईल, ते तेव्हा बघू. पैसे पाठवू नका.

अण्णा, पारावर सांगायचं ते तुम्ही सांगा. तुम्हाला अवघड वाटत असेल तर राहू द्या, दिवाळीला आले की मीच बसेन आणि सांगेन. गुरुजींना फळ्याचं मात्र आत्ताच सांगा. फळा केव्हाच पुसला असेल, पण पोरांना सांगितलेलं राहतं.

मृगाचा पाऊस झाला का? आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव.

तुमची,
छकुली

ता. क. चौथं बोअर मारायचं चाललंय, असं काका म्हणाले. मला विचारल्याशिवाय गाडी बोलावू नका. विचारलंत तरी मला काही सांगता येणार नाही, पण विचारा.