पोराला सिनेमात पाठवताना

मंगळवार पेठ, कोल्हापूर

प्रिय दोस्ता,

धाकट्याला सिनेमाच्या प्रॉडक्शनमध्ये जायचंय आणि त्यावरून घरात अबोला धरलाय, हे वाचून लगेच लिहायला बसलो. पोराला अडवू नकोस. पण 'कोर्स केला की लागेल कुठंतरी' या भरवशावरही राहू नकोस.

पैसा निर्माता घालतो. तो पैसा, माणसं आणि दिवसाचा उजेड पॅकअपपर्यंत पुरवायचा, हे आम्हा प्रॉडक्शनवाल्यांचं काम. चित्रनगरीत पहिली दीड वर्षं मी कॉल टाइमच्या, म्हणजे युनिटनं सेटवर हजर व्हायच्या वेळेच्या, तासभर आधी जाऊन चहा-नाश्ता बघायचो, व्हाउचरवर सह्या घ्यायचो. जमाखर्चाची वही जुळल्याशिवाय मॅनेजर घरी सोडत नसत. एकदा 45 रुपयांसाठी रात्री बारापर्यंत बसलोय. पावती टेंपोवाल्याच्या खिशात निघाली. आज बजेट मांडताना युनिटच्या जेवणाचा आकडा कुणाला विचारावा लागत नाही, तो त्या वहीनं दिलाय.

त्याला आत्तापासून ब्रेकडाउन, म्हणजे कुठल्या सीनला काय काय लागेल त्याची मांडणी, करू दे. पटकथेच्या प्रत्येक पानाचे आठ भाग धरायचे आणि सीन त्यातले किती भरतो ते मांडायचं. एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. मग पात्रं, कपडे, सामान, गाड्या, जनावरं वेगवेगळी काढायची. पण नुसत्या पानांवर जाऊ नये. 'गावजेवणाला चारशे माणसं बसली' ही एकच ओळ, शूटिंगला मात्र अख्खा दिवस खाते.

माझी चूक सांगतो. पन्हाळ्याखालच्या वाडीत शूटिंग होतं. नायिका पावसातून घरात येते, एवढाच सीन. यादीत मी लिहिलं, 'साडी, 1'. पहिला टेक फसला आणि साडी चिंब. दुसऱ्या टेकला कोरडी साडी कुठनं आणणार? इस्त्री फिरवून वाळवेपर्यंत ऊन डोंगरामागं गेलं. त्या एका आकड्यापायी निर्मात्याला आणखी एका दिवसाचं भाडं आणि सगळ्यांचा भत्ता भरावा लागला. तेव्हापासून पाण्याचा, रक्ताचा, चिखलाचा सीन दिसला, की मी कपड्यांचे तीन नग लिहितो.

कॉलेज मात्र सोडू देऊ नकोस. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या मुख्य अभ्यासक्रमांना पदवी लागते. ती जागा म्हणजे आपल्या प्रभात फिल्म कंपनीचाच जुना स्टुडिओ. 1929 ला कंपनी इथं कोल्हापुरात निघाली आणि 1933 ला पुण्याला गेली. शांताराम, दामले, फत्तेलाल ही माणसं त्याआधी बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत, त्यांच्या हाताखाली तयार झालेली. शांतारामबापूंनी तिथं पडेल ते काम केलं. खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभावरून जाताना मला दरवेळी हेच आठवतं.

पैशाचं लपवत नाही. सुरुवातीला हातात जेमतेम भत्ता पडतो. एका निर्मात्यानं माझं तीन महिन्यांचं मानधन बुडवलं, कारण सगळं तोंडी ठरलं होतं. त्या वर्षी आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन पुढं ढकलावं लागलं, ते अजून टोचतं. म्हणून पहिल्याच कामाला मानधन, तारखा आणि हप्ते लिहून घ्यायला लाव. ओळखीचा माणूस असेल तर आधी लिहून घ्यायला लाव.

पुढच्या महिन्यात कागलकडे बारा दिवसांचं शेड्युल आहे. त्याला माझ्याकडे पाठव, राहायला आपलं घर आहे. पहाटे साडेचारला निघावं लागेल. वहिनींना सांग, जेवायच्या वेळेला मी स्वतः त्याला ताटावर बसवीन.

तुझाच मित्र