डॉगवुड, आळं आणि धोटा

कॅरी, नॉर्थ कॅरोलायना
१८ एप्रिल

प्रिय दिन्या,

'तू पाठवलेल्या फोटोत अंगणातलं ते पांढऱ्या फुलांचं झाड कसलं रे? येताना एक रोप आण, बंगल्यापुढं लावू.' तुझा निरोप दोन ओळींचा. मी मोबाइलवर उत्तर टाइप करायला बसलो आणि अर्ध्यातच अंगठा दुखायला लागला, म्हणून सरळ कागद घेतला. निबंधाला पुरवणी मागणारा वर्गात मी एकटाच होतो, तेव्हा सोस.

रोप आणता येणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. परदेशातून रोप न्यायचं तर रोग-कीड नसल्याचा दाखला लागतो, परवाना लागतो. आणि समजा आणलंच, तरी या झाडाला हिवाळ्यात गारठून झोपायची सवय. आपला एप्रिल-मे त्याला पापडासारखा वाळवून टाकेल. तेव्हा बंगल्यापुढं चाफा लाव, निवांत राहशील.

या झाडाचं नाव डॉगवुड. नॉर्थ कॅरोलायनाचं ते राज्यफूल आहे, १९४१ पासून. शेजारच्या व्हर्जिनियात तर फूलही तेच आणि झाडही तेच. आता गंमत ऐक. फोटोत तुला ज्या चार पांढऱ्या पाकळ्या दिसल्या, त्या पाकळ्या नाहीतच. तुमच्या फाटकावरच्या बोगनवेलीचं जे आहे तेच इथं. रंगीत दिसतात ती पानं, आणि खरी फुलं मधल्या हिरवट-पिवळ्या गुंडीत, पंधरा-वीस बारीक बारीक, डोळा जवळ नेल्याशिवाय दिसत नाहीत. ही चार पानं हिवाळाभर कळीभोवती घट्ट मिटून बसलेली असतात. डिसेंबरात सगळं झाड उघडं असतं आणि फांद्यांच्या टोकांना या कळ्या, कुणी बारक्या बाहुल्यांसाठी फेटे बांधून ठेवल्यासारख्या. थंडीवारा सोसलेलं टोक वाढत नाही, म्हणून उमललेल्या प्रत्येक पानाच्या शेंड्याला तपकिरी खाच दिसते. इथले भाविक तिला क्रुसावरच्या खिळ्यांची खूण म्हणतात.

आता माझी फजिती. पहिलं झाड मी आठ वर्षांपूर्वी लावलं. इथली माती तांबडी आणि चिकण, ओली झाली की बुटाला वीट चिकटल्यासारखी. मी आपल्या पद्धतीनं खोल खड्डा घेतला, ऐसपैस आळं केलं, वर उसाला घालतात तशी बुंध्याला मातीची भर घातली आणि रोज संध्याकाळी बादलीभर पाणी. जागा कुठली, तर गाडी लावायच्या फरशीलगत, दुपारचं ऊन थेट अंगावर. जुलैत पानांच्या कडा करपल्या. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून दोन बादल्या. पुढच्या वसंतात झाड उठलंच नाही.

शेजारच्या आजी कुंपणापलीकडून हे सगळं बघत होत्या. झाड गेल्यावर त्या काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, 'हे जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारं पोर आहे. तू त्याला उन्हात उभं केलंस आणि वर मानेपर्यंत पुरलंस.' (हे आधी का नाही सांगितलं, असं विचारायचं धाडस झालं नाही.) डॉगवुडची मुळं अगदी वरवर पसरतात. चिकण मातीतल्या आळ्यात पाणी तुंबतं आणि ती गुदमरतात. खड्डा उथळ आणि रुंद हवा, मुळांचा गड्डा जमिनीच्या बरोबरीनं किंवा बोटभर वरच. वर दोन-तीन इंच सालींचं आच्छादन, पण बुंध्याला अजिबात न टेकवता. दिन्या, झाडाला आळं न करणं हे मला इंग्रजी शिकण्यापेक्षा जड गेलं.

दुसरं झाड त्यांनी दाखवलेल्या जागी लावलं, उंच पाइनच्या पूर्वेला. सकाळचं ऊन, दुपारी सावली. ते धरलं, दोन वर्षं फुललंही. मग माझ्याच गवत कापायच्या यंत्राचा धक्का बुंध्याला लागला, साल सोलली गेली, त्या जखमेतून खोडकिडा शिरला आणि झाड एका बाजूनं वाळत गेलं. आता जे आहे ते तिसरं. त्याच्याभोवती मी गवतच ठेवलेलं नाही.

ही जात मुळात नाजूक झाली आहे, त्यालाही कारण आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या आसपास एका बुरशीचा रोग दिसला आणि पुढं ॲपलाशियन डोंगरांतली डॉगवुडं रानंच्या रानं वाळली. मेरीलँडमधल्या कॅटॉक्टिनच्या डोंगरात एक झाड मात्र तगलं. त्याच्यावरून टेनेसी विद्यापीठानं तयार केलेला वाण 'ॲपलाशियन स्प्रिंग' या नावानं मिळतो. न्यू जर्सीत रटगर्स विद्यापीठाच्या एल्विन ऑर्टन यांनी अमेरिकी आणि जपानी डॉगवुडचा संकर केला, तीही झाडं काटक निघाली. आमच्या भागातला उन्हाळा कडक, त्यामुळं तो रोग इथं फारसा छळत नाही. पानांवर भुरी, म्हणजे पिठासारखी पांढरी बुरशी, मात्र येते.

जपानी डॉगवुड, म्हणजे कौसा, आमच्या मागच्या अंगणात आहे. ते महिनाभर उशिरा फुलतं, आधी पानं येतात आणि मग त्यावर टोकदार चांदण्या. त्याची फळं खाता येतात, बाहेरून खरखरीत गुलाबी आणि आत पिवळा रवाळ गर. सौ. म्हणते, सीताफळाला तहान लागल्यासारखी चव आहे. अमेरिकी झाडाची लाल फळं दिसायला देखणी, पण ती पाखरांनीच खावीत. आणि हे जपानशी नातं एकतर्फी नाही बरं का. १९१२ मध्ये टोकियोनं वॉशिंग्टनला चेरीची तीन हजारांवर झाडं भेट दिली आणि १९१५ मध्ये इकडून परतभेट गेली ती डॉगवुडची. तिथं त्याला हानामिझुकी म्हणतात.

सौ.चं स्वतःचं प्रेम मात्र झुडपी डॉगवुडवर, ज्याच्या काड्या हिवाळ्यात कुंकवासारख्या लाल होतात. लाली कोवळ्या काड्यांनाच चढते, म्हणून हिवाळा सरता सरता जुन्या काड्या जमिनीलगत छाटायच्या, दरवर्षी साधारण एक तृतीयांश. तिला छाटणीचा भारी उत्साह. म्हणून मोठ्या झाडापासून मी तिची कात्री लांब ठेवतो, कारण त्याच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरलेल्या असतात. हिवाळ्यात छाटलं की फुलं गेलीच.

गेल्या आठवड्यात अचानक थंडी परतली, झाड पूर्ण फुललेलं असताना. इथली जुनी माणसं त्याला 'डॉगवुडचा हिवाळा' म्हणतात आणि तो गेल्याशिवाय मिरची-टोमॅटो बाहेर लावत नाहीत. मी लावले होते. गेले.

पुढच्या वर्षी तुम्ही उत्तराखंडला जाणार म्हणालास ना? तिथं डोंगरात भमोरा नावाचं झाड विचार. ते याचंच हिमालयातलं भावंड. पान हळूच आडवं फाडून बघ. दोन्ही तुकडे लगेच सुटत नाहीत, शिरांतले कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे त्यांना धरून ठेवतात. डॉगवुड ओळखायची हीच खूण.

आता ज्याच्यासाठी खरं तर लिहायला बसलो ते. हे लाकूड फार कठीण आणि चिवट, कणी बारीक, आणि जितकं घासेल तितकं गुळगुळीत होत जातं, कुसळ निघत नाही. म्हणून एकेकाळी इथल्या कापड गिरण्यांसाठी याचे धोटे बनत, मागावर आडव्या धाग्याची कांडी घेऊन इकडून तिकडं धावतात तेच. हो, धोटेच! आजींचे वडील लहानपणी रानातून डॉगवुडचे ओंडके गिरणीवाल्यांना विकायला नेत. त्या हे सांगत होत्या आणि माझ्या कानात तुमच्या घरामागचे माग सुरू झाले. पाटीवर बेरजा करताना आपलं अंक मोजणंसुद्धा त्या खटखटीच्या ठेक्यावर चालायचं. कांडी संपली की काका धोटा काढायचे, अंगठ्यानं त्याची कड चाचपायचे, आणि कुसळ लागलं तर बाजूला टाकायचे. धागा तुटतो म्हणून. आजींना मी हातवारे करून धोटा फेकून दाखवला, तर त्या हसल्या आणि 'शटल, शटल' म्हणत मान डोलवत राहिल्या.

तुझ्याकडं आता सगळे बिनधोट्याचे माग. पण जुन्या घराच्या माळ्यावर काकांचा एखादा धोटा नक्की असेल, लोखंडी टोकांचा. शोध आणि त्याचा जवळून फोटो पाठव. आमच्या आजी ८९ वर्षांच्या आहेत. लाकूड कुठलं ते त्या नुसतं बघून सांगतो म्हणतात, आणि मला रोज विचारतात, आला का फोटो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सद्या