तक्ता ‘ब’ कोरा ठेवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी विद्यापीठात एक सत्र शिकून येणाऱ्या मुलामुलींच्या बातम्या हल्ली वरचेवर वाचायला मिळतात. निवड झाली की फोटो येतो, शेजारी आईवडील असतात, हातात पेढ्यांचा बॉक्स असतो. दोन वर्षांपूर्वी असा एक फोटो आमचाही निघाला होता. परत आल्यावर काय झालं त्याचा फोटो कुणी काढला नाही, म्हणून हे पत्र.

मी ३४ वर्षं टपाल खात्यात होते, त्यातली निम्मीअधिक खिडकीमागे गेली. यजमान सातपूरला मायकोत, म्हणजे आताच्या बॉश या जर्मन कंपनीत. त्यांच्याबरोबर जर्मन कॅटलॉग घरी यायचे, आणि त्यातले लांबच लांब शब्द आमची धाकटी मोठ्याने वाचायची. दहावीनंतर तिने कॉलेज रोडला एका दुकानावरच्या मजल्यावर जर्मनचा क्लास लावला. पुढे नाशकाबाहेरच्या एका विद्यापीठात जर्मन घेऊन बी.ए.ला गेली. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण ही गोष्ट त्या एकाच विद्यापीठाची असेल असं मला वाटत नाही.

तिसऱ्या वर्षी तिची इरॅस्मस या विद्यार्थी-देवाणघेवाणीच्या योजनेतून एका सत्रासाठी जर्मनीत ट्युबिंगनला निवड झाली. युरोपातल्या ११ देशांनी १९८७ मध्ये ही योजना सुरू केली, तेव्हा पहिल्या वर्षी ३,२४४ विद्यार्थी गेले होते. आता आपल्याकडची मुलंही तिच्यातून जातात आणि तिकडची फी भरावी लागत नाही. हे सगळं मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी फक्त लोकरीचे दोन स्वेटर आणि गोडा मसाला बांधून दिला.

तिथे ती काय शिकली, हे आधी सांगते, नाहीतर हे पत्र नुसतं रडगाणं वाटेल. पहिल्याच सकाळी बेकरीत जाऊन तिने पुस्तकातला शब्द वापरून ‘ब्रोटशेन’ मागितले. बाई म्हणाली, “वेकले?” त्या भागात पावाला वेकले म्हणतात, हे चार वर्षं क्लास लावून तिला कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे पुस्तकातली मराठी शिकून कुणी सटाण्याच्या बाजारात उभं राहिलं आणि समोरचा अहिराणीत बोलायला लागला, तर जे होईल तेच तिचं झालं. महिन्याभराने तिचा फोन आला, आधी नुसतीच हसत होती. मग म्हणाली, “आई, आमच्या दारावर पाटी लागलीये. या आठवड्यात जिना झाडायची पाळी आमची. याला इथे काय म्हणतात माहितीये? केरवोखं!” मी म्हटलं, केर काढायलाच सांगितलाय ना, मग काढ. योगायोग असेल, पण त्या दिवसापासून मला ती भाषा परकी वाटेनाशी झाली. ती लाकडी पाटी जिन्यात एका दारावरून पुढच्या दारावर जाते. पाटी आपल्या दारावर असताना पायऱ्या झाडल्या नाहीत, तर खालची म्हातारी काही बोलत नाही, स्वतः झाडायला घेते. लाजून पोरगी दुसऱ्या दिवशी पहाटेच उठली. घरी असताना मी वीस वर्षं सांगून हे जमलं नव्हतं.

आता मुद्द्याचं. जर्मनीचं हिवाळी सत्र ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतं आणि वर्ग फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात. आपलं पाचवं सत्र जूनजुलैत सुरू होतं, परीक्षा दिवाळीच्या आगेमागे. म्हणजे ती गेली ते पाचव्या सत्राच्या परीक्षेच्या तोंडावर आणि परत आली तेव्हा सहावं सत्र निम्मं उलटलेलं. तिकडचं सत्र आपल्या दोन्ही सत्रांच्या उंबऱ्यावर बसतं. एप्रिलचं उन्हाळी सत्र घेतलं असतं तर इथली एप्रिल-मेची परीक्षा गेली असती. असं असेल तर तिकडच्या सत्राच्या बदल्यात इथलं कोणतं सत्र धरायचं, हे जाण्याआधी कागदावर ठरायला नको?

त्यासाठी कागद आहे. त्याला लर्निंग ॲग्रीमेंट म्हणतात. त्यावर विद्यार्थ्याची, पाठवणाऱ्या विद्यापीठाची आणि ठेवून घेणाऱ्या विद्यापीठाची अशा तीन सह्या लागतात. आत दोन तक्ते असतात. तक्ता ‘अ’मध्ये तिकडे कोणते विषय शिकणार ते लिहायचं, तक्ता ‘ब’मध्ये त्यांच्या बदल्यात इकडचे कोणते विषय झाले असं धरणार ते. मुलीच्या फॉर्मची झेरॉक्स मी नंतर पाहिली. तक्ता ‘अ’ नीट टाइप केलेला, सहा ओळी. तक्ता ‘ब’मध्ये वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत पेनने एक तिरकी रेघ. खाली तिन्ही सह्या आणि आपल्या बाजूचा गोल शिक्का. माझ्या खिडकीवर असा फॉर्म आला असता, तर मी तो त्याच हाताने परत केला असता. पाठवणाऱ्याचं नाव आहे, पैसे भरलेत आणि पत्ता कोरा!

ज्या सरांनी सही केली ते भले गृहस्थ आहेत. शिकवणं सांभाळून परदेशी संबंधांचं कामही त्यांच्याच गळ्यात. “आल्यावर बघू,” म्हणाले. त्यांना तरी दोष काय द्यायचा, तक्ता भरण्याचा अधिकार कुणाचा, हे त्यांनाही कुणी लिहून दिलेलं नव्हतं.

तिकडचं गुणपत्रक एप्रिलमध्ये आलं. ते घेऊन आम्ही दोघी परीक्षा विभागात गेलो. खिडकीतला मुलगा तरुण होता, उर्मट नव्हता.

“हे ३० कशाचे?”

“क्रेडिट.”

“आमच्याकडे सत्राला २२ लागतात.”

मी म्हटलं, मग ८ जास्तच झाले की.

“जास्त असून उपयोग नाही ना काकू. नावं जुळली पाहिजेत.”

मी घरी येऊन हिशेब केला. क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांचं माप. युरोपात एका क्रेडिटमागे २५ ते ३० तास धरतात. त्यात वर्गातले तास येतात, तसं वाचन, निबंध, परीक्षेची तयारी हेही येतं. आपल्याकडे थिअरीच्या एका क्रेडिटला वर्गातले १५ तास. म्हणजे एकाचं माप शेर आणि दुसऱ्याचं किलो. यात खोटं कुणी नाही, फक्त मापं एकमेकांत बसवून देणारा कुणी खुर्चीवर नाही.

आणि नावांचं म्हणाल तर ऐका. मुलीने तिकडे ‘लांडेसकुंडं’ नावाचा विषय घेतला होता. तो देश, तिथली माणसं, सण, शाळा, राजकारण असं सगळं त्यात येतं. इकडे पाचव्या सत्राला तिचा एक पेपर होता, ‘जर्मन-भाषक देशांचा समाज व संस्कृती’. खिडकीतल्या मुलाने यादीवरून पेन फिरवलं आणि म्हणाला, “लांडेसकुंडं हा विषय आपल्याकडे नाही.” मुलगी मराठीत अर्थ सांगायला लागली. तो म्हणाला, “ताई, मला पटतंय. सिस्टीमला नाही पटत.”

सहापैकी एकही विषय धरला गेला नाही. पाचव्या सत्रात ती ‘गैरहजर’ लागली, सहाव्यात हजेरी कमी म्हणून परीक्षेला बसता आलं नाही. वर्ष गेलं आणि एम.ए.चा प्रवेशही. या ऑक्टोबरात ती ‘समाज व संस्कृती’चा पेपर देणार आहे. त्यासाठी बाजारातल्या नोट्स आणल्यात.

याउलट आठवतं ते वेगळं. अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या कॉलेजांची मुलं पुण्यात यायची, मराठी घरांत राहून मराठी शिकायची, आणि ते सत्र त्यांच्या पदवीत धरलं जायचं. आंबेडकरी चळवळीच्या अभ्यासक एलिनॉर झेलियट त्याच भागातल्या कार्लटन कॉलेजात शिकवत. जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाचे अभ्यासक सोनथायमर खंडोबा-बिरोबाच्या मागे धनगरांबरोबर हिंडले. अमेरिकेहून आलेल्या मॅक्सीन बर्नसन मराठी शिकल्या आणि कित्येक वर्षं फलटणला राहिल्या, तिथे शाळा काढली. भाषेच्या गावी जाऊन राहिल्याशिवाय ती येत नाही, हे त्यांच्याकडच्या कचेऱ्यांना कळलं होतं. आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांतही ट्विनिंग कार्यक्रमात, म्हणजे काही शिक्षण इथे आणि काही तिकडे अशा कार्यक्रमात, ३० टक्क्यांपर्यंत क्रेडिट परदेशी संस्थेचे धरायची सोय आहे. त्याआधी २०२१ मध्ये विद्यार्थ्याचे क्रेडिट खात्यात जमा ठेवणारी क्रेडिटची बँकही निघाली. पण एका सत्रासाठी एकटी गेलेली पोरगी कोणत्या नियमात बसते, हे विचारायला गेलं की प्रत्येक जण पुढची खिडकी दाखवतो. पासबुक छापून तयार आहे, नोंद करणाऱ्याचा पत्ता नाही.

माझं मागणं छोटं आहे. तक्ता ‘ब’ भरल्याशिवाय विद्यापीठाने सही करू नये. विषयाचं नाव न बघता आत काय शिकवलं ते त्या विषयाच्या शिक्षकांनी बघावं आणि मुलगी विमानात बसण्याआधी लिहून द्यावं. राहिलेली परीक्षा परत आल्याबरोबर घ्यावी. यात सरकारचा एक रुपया जायचा नाही.

मुलीच्या जुन्या क्लासमधल्या दोघींची यंदा निवड झाली आहे. परवा त्या घरी आल्या होत्या. चहाच्या आधी मी त्यांना ती झेरॉक्स दाखवली, तिरक्या रेघेवर बोट ठेवलं आणि इथे काय लिहून घ्यायचं ते सांगितलं. काल त्यातल्या एकीचा फोन आला. ती फॉर्म घेऊन तिच्या विद्यापीठात गेली होती. तक्ता ‘ब’ भरून द्या म्हणाली, तर उत्तर मिळालं, “आधी जाऊन तर या!”

आपली,
एक निवृत्त टपाल कर्मचारी,
इंदिरानगर, नाशिक