हुशार मुलांना शिष्यवृत्तीपलीकडेही काही मिळावे

महोदय,

ज्या कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेथील महापालिका आणि जिल्हा परिषद शाळांतील बुद्धिमान मुलांसाठी आपण शिष्यवृत्तीच्या सराव प्रश्नपत्रिकांपलीकडे फारसे जात नाही, याची खंत वाटते. आठवीच्या एनएमएमएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील हुशार मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती) परीक्षेतून निवडलेल्यांना नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. ही मदत मोलाचीच, परंतु गणिताचे पुस्तक जूनमध्येच संपवून बसलेल्या मुलीची जिज्ञासा तेवढ्याने भागत नाही. शिवाजी विद्यापीठाच्या प्रयोगशाळा अशा मुलांसाठी महिन्यातून दोन शनिवारी खुल्या व्हाव्यात आणि शाहूवाडी, गगनबावड्याहून येणाऱ्यांचे एसटीभाडे जिल्हा परिषदेने सोसावे. निवड मात्र केवळ गुणांवर नको. वर्गशिक्षकांचेही मत घ्यावे.

– एक पालक, कोल्हापूर