थट्टा पुरे, काम समजून घ्या

महोदय,

लग्नसराई आली की आयटीत असलेल्या भाच्या-पुतण्यांची थट्टा ठरलेली. 'एसीत बसून बटणं दाबायची, याला काय काम म्हणायचं?' 'आमच्या वायफायचं तेवढं बघ रे.' आमच्या विदर्भात याला आणखी एक सूर असतो: जिल्हा परिषदेत किंवा महावितरणमध्ये चिकटला तो मार्गी लागला, हिंजवडीला गेला त्याचं काही खरं नाही. ही ओढ मला समजते. पावसाच्या भरवशावर जगलेल्या घरांना दरमहा येणाऱ्या पगाराचं मोल ठाऊक असतं. २००८च्या मंदीत नोकऱ्या गेल्या, हेही खरं.

पण माझी पुतणी रात्री साडेआठला भरल्या ताटावरून उठते, कारण न्यूयॉर्कमध्ये तेव्हा सकाळचे दहा-अकरा वाजलेले असतात आणि तिकडची बैठक सुरू होते. मध्यरात्री सर्व्हर बंद पडला तर फोन तिलाच येतो. तिला हसणारे नातेवाईकच सातबारा मोबाइलवर काढतात, खताचे पैसे यूपीआयने देतात. ही सोय अशाच जागणाऱ्या मुलामुलींमुळे चालते.

मुलींना तर ही थट्टा फार लागते. स्थळ बघताना 'रात्रपाळी करते' हे ज्या स्वरात बोललं जातं, त्याची मला चीड येते.

वडीलधाऱ्यांना विनंती आहे, एकदा पोरांना जवळ बसवून विचारा, तू नेमकं काय करतोस? आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्या.

– एक वाचक, नागपूर