पाटी आहे, पण बोटाला सापडत नाही

संपादक महोदय,

मी पूर्ण दृष्टिहीन आहे आणि गेली बावीस वर्षे ब्रेल वाचते. परवा एका नव्या कार्यालयात एकटीच गेले होते. ‘आमच्याकडे सगळीकडे ब्रेल पाट्या आहेत,’ असे दारावरच्या माणसाने आपुलकीने सांगितले. ऐकून बरे वाटले.

मला तिसऱ्या मजल्यावरची ३०७ क्रमांकाची खोली हवी होती. लिफ्टमधले बटण सापडले, पण लिफ्ट मध्येच थांबली. मजला सांगणारा आवाज नव्हता. बाहेरच्या चौकटीवर हात फिरवला, तिथेही अंक नव्हता. तिसरा समजून मी दुसऱ्या मजल्यावर उतरले आणि बराच वेळ भिंती चाचपत राहिले. अमेरिकेच्या सुगम्यता मानकांत लिफ्टच्या दाराच्या दोन्ही चौकटींवर मजल्याचा उठावदार अंक असावा, असे लिहिले आहे. तेवढा एक अंक असता, तर मी पुन्हा आत शिरले असते.

तिसऱ्या मजल्यावर पाटी मिळाली, ती दारावरच. वाचायला वाकले तोच आतून कोणीतरी दार ढकलले आणि ते माझ्या कपाळावर आदळले. म्हणूनच पाटी दारावर नको, मुठीच्या बाजूच्या भिंतीवर हवी. त्याच मानकांत उंचीही दिली आहे: जमिनीपासून ४८ ते ६० इंच. प्रत्येक दाराशी पाटी त्याच जागी असली, की हात आपोआप तिथे जातो. डोळ्यांना पाटी लांबून दिसते. आम्हाला ती कुठे आहे हे आधीच माहीत असावे लागते.

शेजारच्या खोलीची पाटी वाचताना तर मी चक्रावले. क्रमांकाच्या शेवटी ‘प’ लागत होता! मग लक्षात आले, पाटी उलटी बसवली आहे. ब्रेलमध्ये अंकांच्या आधी येणारी खूण उलटी झाली की तिचा ‘प’ होतो. बसवणाऱ्या कारागिराला ब्रेल येत नसेल, त्याला मी दोष देत नाही. पण पाटी लावल्यावर ती एकाही वाचणाऱ्या बोटाखालून गेली नाही, याचे वाईट वाटते.

आणखी एका पाटीवर ठिपके शोभेसाठी मोठे केले होते. लुई ब्रेल यांच्या आधी शार्ल बार्बिए यांची बारा ठिपक्यांची लिपी होती. तिचे अक्षर बोटाच्या टोकाखाली एकदम मावत नसे. ब्रेल यांनी ठिपके सहावर आणले आणि १८२९ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. अक्षर एका स्पर्शात कळावे, हाच त्यातला प्राण. ते मोठे केले, की वाचता येत नाही.

उतारवयात दृष्टी गेलेल्या अनेकांना ब्रेल येत नाही, त्यांच्यासाठी शेजारी ठळक, उठावदार अंक हवेतच.

माझी विनंती एवढीच आहे. इमारत वापरात येण्याआधी ब्रेल वाचणाऱ्या एका दृष्टिहीन व्यक्तीला बोलवा. फाटकापासून खोलीपर्यंत आणि तिथून स्वच्छतागृहापर्यंत तिला एकटीला जाऊ द्या. त्या दिवशी स्त्रियांचे कोणते आणि पुरुषांचे कोणते, हे मला एका अनोळखी गृहस्थांना विचारावे लागले.

– एक दृष्टिहीन वाचक